लोकरीचे सोवळे

जुन्या नमुन्यांवरून स्वेटर, कानटोप्या आणि हातमोजे विणण्याची हौस अलीकडे पुन्हा बळावली आहे, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. १९३० व १९४० च्या दशकांतील विलायती नमुन्यांची पिवळी पडलेली पत्रके लोक जुन्या बाजारांतून हुडकून काढतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने तर आपल्याजवळचे १९४० च्या दशकातील काही नमुने कोणालाही विणता यावेत म्हणून खुले करून ठेवले आहेत. इथवर सारे ठीक आहे. परंतु ह्या हौसेच्या पाठोपाठ एक नवे सोवळे घरात शिरले आहे, आणि त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे बोलणे आम्हांस भाग आहे.

ह्या सोवळ्याचा आचारधर्म असा. नमुना जसा छापला असेल तसाच विणावा. लोकर त्याच जातीची आणि त्याच जाडीची असावी. लांबी वाढवू नये, गळा बदलू नये, आणि कृत्रिम धाग्याचे तर नावही काढू नये. जो बदल करील त्याचे काम 'अस्सल' नव्हे. एखाद्या नवशिक्या मुलीने भीतभीत आपला स्वेटर दाखवावा आणि 'त्या काळी असे खांदे नसत' एवढ्या एका वाक्याने तिला पंक्तीतून उठवावे, असा हा प्रकार आहे. गंमत ही, की आपल्याकडे लोकरीला विटाळ नाही असेच पिढ्यान् पिढ्या मानीत आले. सुती वस्त्र परक्या स्पर्शाने ओवळे होई. धाबळी मात्र सोवळ्याला चाले. त्याच लोकरीवर नव्या पंडितांनी आता विटाळ लादला आहे!

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. जुन्या नमुन्यात बदल करणे हीच विणकामाची जुनी परंपरा आहे. जो नमुन्याचे अक्षर पूजतो तो कागदाशी इमान राखतो. तो कागद ज्या स्त्रियांसाठी छापला गेला त्यांच्याशी त्याचे नाते तुटलेले असते.

ज्या काळाच्या नावाने ही पूजा चालते तो काळच आधी पाहू. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर नियंत्रण आले आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली, आणि विणायच्या दोन औंस लोकरीला त्यांतील एक कुपन द्यावे लागे. १९४३ साली तेथील व्यापार खात्याने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि डागडुजी करा, हा तिचा उपदेश. तेव्हाची गृहिणी झिजलेला स्वेटर उसवी, धाग्याची लड करी, ती धुऊन खाली वजन टांगून वाळवी, म्हणजे धाग्याचे पीळ-वळसे मोडून तो सरळ होई, आणि त्याच लोकरीचा मुलासाठी नवा स्वेटर विणी. बाह्या कोपरांशी विरल्या तर तेवढ्याच उसवून दुसऱ्या रंगात घाली. रंगीबेरंगी आडव्या पट्ट्यांचे नमुने त्या वर्षांत लोकप्रिय झाले, कारण त्यांत उरलेसुरले छोटे गोळे खपत. कमरेशीच संपणाऱ्या आखूड स्वेटरांत उंच कमरेच्या घागऱ्यांची फॅशन होती, तशी लोकरीची बचतही होती.

आता विचार करा. ज्या स्त्रीने घरात होते त्यावर भागवले, तिच्या नमुन्यासाठी आज कोणी परदेशातून नेमक्या त्याच छटेची महागडी लोकर मागवतो आणि स्वतःला तिचा वारस म्हणवतो. शेजारच्या दुकानातील साध्या लोकरीवर, जुन्या स्वेटराचा धागा मिसळून, तोच नमुना बेतणारी मुलगी मात्र त्याच्या लेखी भ्रष्ट. ह्या दोघांत खरी वारस कोण, हे आम्ही वाचकांवरच सोपवतो.

अक्षरनिष्ठेचा दुसरा दोष व्यावहारिक आहे. जुनी पत्रके बहुधा एकाच मापाची असत. स्त्रियांच्या स्वेटरचे माप पुष्कळदा छातीशी ३४ इंच. ज्यांचा देह त्या मापात बसत नाही त्यांनी काय करावे? शिवाय नमुन्यातील आकडे हे एका इंचात किती टाके बसतात ह्या हिशेबावर उभे असतात. इंचाला ८ टाके धरले तर ३४ इंचांच्या घेराला २७२ टाके लागतात. आजची लोकर किंचित जाड निघाली आणि इंचाला ७ च टाके बसले, तर तेच २७२ टाके जवळजवळ ३९ इंचांचा घेर करतात. म्हणजे छापील आकडा जितक्या निष्ठेने पाळावा तितका स्वेटर बिघडतो!

सुयांची कथाही अशीच आहे. जुन्या ब्रिटिश मोजणीत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकन मोजणी ह्याच्या नेमकी उलट चालते. तेथील ८ नंबर ५ मिलिमीटरचा. तेव्हा नुसते '८ नंबर' हे अक्षर पाळून भागत नाही. नमुना कोणत्या देशाचा हे समजून घ्यावे लागते. जिथे समजून घ्यावे लागते तिथे आंधळी निष्ठा लंगडी पडते.

परंतु 'अस्सल' ह्या शब्दाचा खरा डौल प्राचीनतेच्या कथांवर उभा आहे, म्हणून त्यांचीही विचारपूस करू. स्कॉटलंडच्या उत्तरेस फेअर आयल नावाचे चिमुकले बेट आहे. १५८८ साली स्पेनच्या आरमारातील 'एल ग्रान ग्रिफॉन' हे जहाज तेथे फुटले, आणि त्यावरील खलाशांनी बेटावरच्या स्त्रियांना रंगीत नक्षी शिकवली, अशी दंतकथा आहे. जहाज फुटले हे खरे. शिकवणीची कथा इतिहासकार मानीत नाहीत. ह्या नक्षीचे स्वेटर जगभर गाजले ते १९२० नंतर, प्रिन्स ऑफ वेल्सने तसला स्वेटर गोल्फच्या मैदानावर घातला तेव्हा.

आयर्लंडच्या ॲरन बेटांवरच्या पांढऱ्या, वेण्यावेण्यांच्या स्वेटरची कथा त्याहून रंगतदार. प्रत्येक कुळाची वीण वेगळी, आणि बुडालेल्या कोळ्याचे प्रेत त्या विणीवरून ओळखत, असे अजूनही सांगितले जाते. वास्तविक हा स्वेटर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आकारास आला. ऑक्सफर्डमध्ये लोकरीचे दुकान चालवणाऱ्या हाइन्झ एडगर कीव्ह ह्यांनी त्याला धर्मग्रंथांच्या काळापर्यंत मागे नेले आणि १९६७ साली त्यावर एक पुस्तकच लिहिले. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट ह्यांनी १९८७ च्या आपल्या विणकामाच्या इतिहासात ह्या कल्पनांचा समाचार घेतला. आता प्रेत ओळखण्याची गोष्ट. सिंज ह्यांच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टू द सी' ह्या नाटकात बुडालेल्या भावाची खूण पटते ती एका साध्या मोज्यावरून. बहिणीने तो स्वतः विणलेला असतो. किती टाके घातले आणि त्यांतले किती सोडले हे तिला पाठ असते. कुळाची वीण तेथे कुठेच नाही. तेथे आहे एका हाताची खूण, एकाच बाईला ठाऊक असलेला एक आकडा. दंतकथेने तो आकडा पुसला आणि त्या जागी कुळ बसवले.

ह्या पुसून टाकण्यात कोणाचे नुकसान झाले? विणणारीचे. वीण प्राचीन ठरली की ती कोणाचीच नसते. मग नावही द्यावे लागत नाही आणि दामही. शेटलंड बेटांवरील व्यवहारांची १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा विणणाऱ्या स्त्रियांना शालींच्या व मोज्यांच्या मोबदल्यात रोख पैशांऐवजी दुकानातला चहा आणि कापड घ्यावे लागे, हे त्यांच्याच जबान्यांतून उघड झाले. अस्सलतेचे गोडवे गाणाऱ्यांच्या तोंडी ह्या जबान्या आम्ही क्वचितच ऐकतो. टाक्याटाक्याची शुद्धता तपासणाऱ्यांना टाक्याच्या मोलाची चौकशी करावीशी वाटत नाही, हे चमत्कारिक नव्हे काय?

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला उत्तर देणे आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात, जो तो मनास येईल तसे बदलू लागला तर मूळ नमुना नष्ट होईल. मूळ नमुना जपलाच पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जपण्याची जागा संग्रहालय आणि ग्रंथालय. विणणाऱ्याच्या मांडीवर नमुना राबलाच पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. जेन वॉलर ह्यांनी १९७२ साली 'अ स्टिच इन टाइम' ह्या पुस्तकात जुने नमुने गोळा केले. २००८ मध्ये सुझन क्रॉफर्ड ह्यांच्या साहाय्याने त्याची नवी आवृत्ती निघाली, तीत ते नमुने अनेक मापांत आणि आज मिळणाऱ्या लोकरीसाठी नव्याने बेतून दिले आहेत. एलिझाबेथ झिमरमन ह्यांनी तर १९७१ च्या आपल्या पुस्तकात आकड्यांच्या जागी प्रमाणेच ठेवली: घेराचे टाके १०० मानले तर मनगटाशी सुमारे २०, दंडाशी सुमारे ३३. एवढे ध्यानात असले की कोणत्याही लोकरीवर, कोणत्याही देहासाठी स्वेटर बेतता येतो.

अडाण्याच्या मनमानीचे समर्थन आम्ही करीत नाही, हेही येथेच नोंदवतो. मुंढा किती उतरवायचा आणि बाहीच्या माथ्यावर चुण्या कशासाठी घातल्या, हे ज्याला कळत नाही त्याने आधी नमुना जसाच्या तसा विणून शिकावे. अक्षर गिरवणे ही पहिली इयत्ता आहे. जन्मभर त्याच इयत्तेत बसून वरच्या इयत्तांतील मुलांना नावे ठेवणे ही विद्वत्ता नव्हे.

आणि हे सारे आम्ही मराठी वाचकांना का सांगतो? दोन सुयांचे हे विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजले. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत त्याची फारशी गरज नव्हती. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, दिल्लीकडे संसार मांडलेल्या मराठी गृहिणींना थंडीने सुया हाती घ्यायला लावल्या. पंजाबी शेजारणीकडून शिकता शिकता त्या टाक्याला 'फंदा' म्हणू लागल्या. इंग्रजी पत्रक पुष्कळींना वाचता येत नसे. त्या समोरच्या बाईच्या अंगावरचा स्वेटर नजरेने मोजीत आणि घरी येऊन वीण 'उतरवून' घेत. उतरवताना ती बदले: वेणी दोन टाक्यांनी रुंद होई, कॉलरच्या जागी गोल गळा येई, पुढल्या वर्षी मूल वाढेल म्हणून बाहीला दोन इंच जास्त धरले जात. मग ते सगळे एखाद्या शाळकरी वहीत, ज्याच्या त्याच्या खाणाखुणांनी, टिपून ठेवले जाई.

त्या वह्या आज रद्दीत जात आहेत. विलायती पत्रकाची एक घडी मोडली तर हळहळणारे आमचे अस्सलतावादी ह्या वह्यांना नमुने म्हणायलाच तयार नाहीत, कारण त्यांवर छापखान्याचे नाव नाही. आमचे भांडण आहे ते येथे. परप्रांतात राहून मराठी स्त्रियांनी शेजाऱ्यांकडून घेतलेली, आपल्या हाताने बदललेली आणि आपल्या भाषेत लिहून ठेवलेली एक अख्खी विद्या ह्या सोवळ्याच्या आड नाहीशी होत आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांना आमची विनंती आहे. ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिची एक स्वच्छ नक्कल करा. वर लिहिणारीचे नाव घाला. सुईचा नंबर, लोकरीची जाडी, आणि आठवत असेल तर वर्षही. मग त्यांतला एक नमुना निवडा, आपल्या मापाला हवा तसा बदला, आणि काय बदलले ते खाली नोंदवा. पुढच्या विणणारीला दोन्ही हिशेब लागतील.