पाहण्यासारखे काय?

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या गावात हमखास विचारतात, "काय काय पाहिलंस?" उत्तरही ठरलेले असते : गेटवे, म्युझियम, राणीची बाग, चौपाटी. यांतले एखादे राहिले, तर त्याने मुंबई पाहिलीच नाही, असा निकाल पारावर लागतो. पण ही यादी केली कोणी आणि तिच्यात राहून काय गेले, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी तरी करावयास हवा, असे मला वाटते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या भावाने आपल्या रजेचा एक दिवस मला मुंबई दाखविण्यात घालविला. प्रथम अर्थातच गेटवे. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये येथे उतरला, त्याचे हे स्मारक. गंमत अशी की, राजा आला तेव्हा कमान नव्हतीच. होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. खरी कमान पुरी झाली १९२४ मध्ये. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीतून परत गेली. फोटो काढणाऱ्या गर्दीत हे किती जणांना ठाऊक असेल?

तेथून वीस-पंचवीस मिनिटे चालले की हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्या १०६ जणांचे हे स्मारक. मशाल धरून उभे आहेत ते राजे नव्हेत, एक शेतकरी व एक कामगार. आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. वाहने वळसा घालून जात होती, माणसे घड्याळ पाहत जात होती. थांबले कोणी नाही. राजाच्या पायधुळीसाठी गर्दी आणि आपल्याच माणसांच्या रक्तासाठी सवड नाही, हे कसे?

कोणी म्हणेल, प्रवासी सुंदर वस्तू पाहावयास जातो, त्यात इतिहासाचे ओझे कशाला? मला हे पटत नाही. १८८८ मध्ये पुरे झालेले बोरीबंदरचे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, सुंदरच आहे. आराखडा स्टीव्हन्स साहेबाचा. पण दगडातली पाने, फुले, पशुपक्षी घडविण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. ते हात डोळ्यांपुढे आणले, तर सौंदर्य कमी होत नाही, वाढतेच.

संध्याकाळी मी दादाला म्हटले, "आता लोअर परळ दाखव." तो हसला. "अगं, तिथं काय बघायचंय? तिथं मी रोज उभा असतो!" एका काचेच्या उंच इमारतीच्या फाटकावर तो रखवालदार आहे. त्याच जागी पूर्वी कापडगिरणी होती आणि आमचे आजोबा तिच्यात साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार त्यात उतरले. हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. आजोबा गावी परतले. दादाने दहावीनंतर शाळा सोडली. माझी फी त्याच्या पगारातून जाते. ज्या जागेने आमच्या तीन पिढ्यांचे भवितव्य ठरविले, तेथे 'काय बघायचंय' असे त्यालाही वाटावे, याचेच मला दुःख झाले.

दोष त्याचा नाही. आपले कष्ट पाहण्यासारखे असतात, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ते सांगणे हे शिकणाऱ्यांचे काम आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग मला व्हावा.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती. आपल्या महाविद्यालयाची सहल मुंबईस जाईल, तेव्हा गेटवे अवश्य दाखवावे; पण अर्धा तास हुतात्मा चौकात आणि एक तास गिरणगावातही द्यावा. चाळींतून संप पाहिलेली म्हातारी माणसे अद्याप आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घेऊ या.