‘एडिटिंगसाठी’ हवाय म्हणे!

रात्रीचं जेवण चालू असतं. मुलगा हळूच विषय काढतो, ‘बाबा, एडिटिंगसाठी नवा पीसी लागणार आहे.’ बाबा विचारतात, ‘किती?’ ‘दीड-दोन लाखांपर्यंत होईल.’ बाबांचा घास हातातच राहतो. आई म्हणते, ‘अरे, तेवढ्यात गाडी येते!’ मुलगा पुन्हा ठासून सांगतो, ‘कॉलेजचं काम आहे गं, एडिटिंगसाठीच हवाय.’

‘गेमिंग’ हा शब्द त्या अख्ख्या जेवणात एकदाही येत नाही.

हसताय ना? हसा. हा डायलॉग मीही मारलेला आहे. पण घरच्यांशी केलेली ही चलाखी शेवटी तुमच्याच अंगाशी येते, कारण दुकानात गेल्यावरही तुम्ही तेच सांगता. तोंडाने एडिटिंग आणि नजर काचेतल्या रंगीत पंख्यांवर. मग पैसे भलतीकडेच जातात. गेमला लागणारा पीसी आणि एडिटिंगला लागणारा पीसी यांत बरंच साम्य असलं तरी पैसे कुठे ओतायचे, हे दोघांत वेगळं असतं. त्यामुळे आधी स्वतःशी तरी खरं बोला: आठवड्यात एडिटिंग किती तास आणि गेम किती तास? आकडा कागदावर लिहा. तो कुणाला दाखवायची गरज नाही.

आता प्रोसेसर घ्या. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळायचं तर दर फ्रेमला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात थोडेच कोअर पण झटपट काम करणारे लागतात आणि लागणारा डेटा हाताशी असावा लागतो. एएमडीच्या ‘एक्सथ्रीडी’ चिप गेममध्ये पुढे असतात त्या याचमुळे. त्यांच्यात चिपवरच जास्तीची कॅश मेमरी बसवलेली असते. २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्सथ्रीडीपासून ही तऱ्हा चालू आहे. पण तासाभराची डॉक्युमेंटरी प्रोसेसरवर रेंडर करायची असेल तर ती कॅश फारशी कामाला येत नाही. तिथे जास्त कोअर जिंकतात. आठ कोअरची महागडी गेमिंग चिप घेऊन लग्नाचे व्हिडिओ कापत बसणं म्हणजे रेसची बाइक घेऊन सिमेंटची पोती वाहणं.

यातली एक बारीक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. गेमरला त्याने काही फरक पडत नाही, उलट थोडे पैसे वाचतात. एडिटरला मात्र पडतो. आजकालचे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ अशा फॉरमॅटमध्ये शूट करतात. हे फुटेज उलगडण्याची सोय इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेबरोबर आली. म्हणजे कुणी त्याआधीचं जबरदस्त कार्ड घेतलं आणि प्रोसेसर ‘एफ’वाला घेतला, तर सगळे गेम लोण्यासारखे चालतील आणि टाइमलाइन अडखळत राहील. आपला कॅमेरा किंवा फोन कोणत्या फॉरमॅटमध्ये शूट करतो, हे आधी बघा आणि मग चिप निवडा.

इंटेलची तेराव्या किंवा चौदाव्या पिढीची चिप स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक सांगतो. त्यातल्या काही डेस्कटॉप चिप जास्त व्होल्टेजमुळे बिघडत होत्या. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य करून सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशी चिप घेतलीत तर बाकी काही इन्स्टॉल करण्याआधी बायोस अपडेट करा. सेकंडहँड तर नकोच.

ग्राफिक्स कार्डाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, म्हणून एवढंच: नाव नाही, मेमरी बघा. एकाच नावाचं कार्ड ८ जीबीमध्येही येतं आणि १६ जीबीमध्येही. ४०६० टीआय तसं होतं, ५०६० टीआयही तसंच आहे. फोर-के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या चौपट. डाविंची रिझॉल्व्ह तर कलर, नॉइज रिडक्शन, इफेक्ट असं बरंच काम कार्डावरच टाकतं. मेमरी संपली की ते हळू चालत नाही, सरळ एरर देऊन थांबतं. त्यामुळे वरच्या मॉडेलचं ८ जीबीवालं घेण्यापेक्षा एक पायरी खालचं १६ जीबीवालं एडिटरला जास्त दिवस पुरेल.

रॅम ३२ जीबी घ्या, आणि ती १६-१६च्या दोन स्टिकमध्ये घ्या. एकच स्टिक लावली तर अर्धा रस्ता बंद ठेवल्यासारखं होतं. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. मागच्या वर्षीच्या व्हिडिओतलं बजेट घेऊन दुकानात जाल तर तोंडावर पडाल. परवडत नसेल तर रंगीत कॅबिनेट सोडा, रॅम सोडू नका. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्याशिवाय महागडी रॅमसुद्धा तिच्या साध्या वेगानेच धावते. कित्येकांचे पीसी वर्षानुवर्षं तसेच चालतात.

एसएसडीच्या बाबतीत आकडेमोड करा. १०० एमबीपीएसचं फोर-के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. सेकंदाला ७ हजार एमबी वाचणारी जेन-फोर एसएसडी या कामाला रग्गड आहे, १४ हजारवाली जेन-फाइव्ह घेऊन काय करणार? तेच पैसे जागेवर घाला. तासाला ४५ जीबी या हिशेबाने १ टीबीची ड्राइव्ह किती दिवसांत भरेल, ते तुम्हीच बघा. आणि जुन्या प्रोजेक्टसाठी एक साधी हार्ड डिस्क बाजूला ठेवा. बॅकअप म्हणून तीच धावून येते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या पार्टकडे येतो: एसएमपीएस. पॉवर सप्लाय. ज्याच्याबद्दल कुणी रील बनवत नाही.

माझा पहिला असेंबल्ड पीसी घेतला तेव्हा कोटेशनमध्ये प्रोसेसर, कार्ड, बोर्ड सगळ्यांची मॉडेल नंबरसकट नावं होती आणि शेवटच्या ओळीत नुसतं ‘एसएमपीएस ६०० वॅट’. कंपनी कोणती, ते नाही. मी विचारलंही नाही, कारण माझं लक्ष कार्डावर होतं. आठ महिन्यांनी, सबमिशनच्या आठवड्यात, रेंडर चालू असताना फट्ट असा आवाज आला आणि खोलीभर जळका वास. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, ‘लाइटचा प्रॉब्लेम असेल तुमच्याकडे.’ फिल्म मित्राच्या लॅपटॉपवर पूर्ण केली. बोर्डाचे पैसे मात्र बाबांनीच दिले, एक शब्दही न बोलता. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कोटेशन हातात आलं की आधी शेवटची ओळ वाचायची. ‘एटी प्लस’चा शिक्का बघून भुलू नका. वीज किती वाया जाते, एवढंच तो सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतःला वेळेवर बंद करेल का, हे त्यात नसतं. ते वॉरंटीवरून थोडंफार कळतं. ज्या सप्लायला कंपनी सात-दहा वर्षांची वॉरंटी देते, तो तिने उगाच बनवलेला नसतो. एक मॉडेल ठरवा, त्याची चाचणी कुणी नीट केली आहे का ते शोधा आणि दुकानदाराला नेमकं तेच मागा. ‘त्याच्यासारखंच दुसरं आहे’ असं म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जा. मोठी कार्डं किती वीज खातात ते माहीत आहे ना? आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅटचं आहे. ४०९० आलं तेव्हा, २०२२ मध्ये, काही जणांच्या कार्डाचा पॉवर कनेक्टर वितळला होता. तो प्लग शेवटपर्यंत आत गेलाय ना, हे जोडणाऱ्यावर न सोडता स्वतः बघा.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा डबा साधारण ३६० वॅट देतो. तुमचा पीसी रेंडर करताना ५०० खात असेल तर लाइट जाताच यूपीएसही जाईल. ज्यांच्याकडे मेंटेनन्सच्या नावाखाली आठवड्याला लाइट जाते, त्यांनी हा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा. विदर्भातल्या मंडळींनी कॅबिनेट पुढून जाळीचं घ्यावं. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे पुढची काच फक्त शोभेला. आणि मॉनिटर! दीड लाखाचा डबा घेऊन दादाच्या जुन्या अठरा इंची स्क्रीनवर कलर ग्रेडिंग करणारे मी पाहिलेत. एसआरजीबी पूर्ण दाखवणारा आयपीएस पॅनेल घ्या, नाहीतर नवरीचा शालू तुम्हाला एका रंगाचा दिसेल आणि क्लायंटला दुसऱ्या.

मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातील. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा. कुठेही जा, निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्ट वेगळा, सीरियल नंबरसकट लिहून मागा. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या कार्डाची वॉरंटी ऐन वेळी कुणी ओळखत नाही. बाबांना सोबत न्या, त्यांना घासाघीस जमते. मुलींना अजूनही काउंटरवर ‘भावासाठी का?’ असं विचारलं जातं. एसएमपीएसचं मॉडेल सांगा, आवाज बदलतो.

आणि हे सगळं करायच्या आधी एक फुकटची गोष्ट. आत्ता आहे त्याच लॅपटॉपवर प्रॉक्सी बनवून एक पूर्ण प्रोजेक्ट कापून बघा. प्रीमिअरमध्येही सोय आहे, रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही आहे: फुटेजची हलकी प्रत तयार होते, तिच्यावर काम करायचं, एक्स्पोर्ट मूळ फुटेजमधून. कुणाचं काम तेवढ्यावरच भागेल. मग जेवताना म्हणता येईल, ‘बाबा, एडिटिंग भागतंय. मला गेमिंगसाठी हवाय, साठ-सत्तर हजारांत बसवतो, अर्धे मी रील्स कापून देतो.’ ज्यांचं भागणार नाही, त्यांनी तो अडखळणारा लॅपटॉप बाबांना समोर बसवून दाखवावा.