नुसत्या कार्बनदराने भागणार नाही



‘कार्बनला दर लावा आणि नियमांचे जोखड काढा’ असा सल्ला देणारे पत्र वाचले. दर हवाच, त्याबद्दल वाद नाही. नियम काढा, हे मात्र मुळीच पटत नाही.

जर्मनीचेच पाहा. २०४५पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचे उद्दिष्ट त्या देशाने कायद्यात घातले आहे. घर तापवण्याच्या आणि वाहनांच्या इंधनावर २०२१मध्ये टनामागे २५ युरो कार्बनदर सुरू झाला. पण भाड्याच्या घरात बॉयलर निवडतो मालक आणि गॅसचे बिल भरतो भाडेकरू! मग मालकाला बॉयलर बदलण्याची घाई कशाला असेल? झळ बसायची ती भाडेकरूला, आणि अंगावर आणखी एक स्वेटर चढवून हीटर कमी करण्यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही नव्हते. शेवटी २०२३पासून कार्बनदराचा खर्च दोघांत वाटून देणारा कायदा आणावा लागला. घराचे उत्सर्जन जितके जास्त, तितका मालकाचा वाटा मोठा. सर्वांत वाईट घरांत तो ९५ टक्के. हा नियमच आहे, आणि ज्याने खर्च करून घर सुधारायचे त्याच्या खिशापर्यंत दर पोहोचला तो या नियमामुळे. नियम काढल्यावर हे काम कोण करणार, ते पत्रलेखकांनी सांगावे.

– एक वाचक, पुणे