आधी निवडणूक, मग हक्क?



मागच्या पौर्णिमेला सिल्लोडच्या आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपली, मंडळी घरोघर गेली, पण एक माऊली मागे थांबली. लोकांच्या शेतात मिरची तोडून, कापूस वेचून तिने मुलाला शिकवले. मुलगा आज चाकणला कारखान्यात आहे. तो आणि त्याचा मित्र गेली सहा वर्षे एका खोलीत संसार करून राहतात. स्थळे येत होती, मुलगा नाही म्हणत होता. शेवटी त्याने आईला खरे काय ते सांगितले. ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. पर उद्या माझ्या लेकराला काही झालं, तर त्या दुसऱ्या पोराला दवाखान्यात कोणी विचारंल का? कायद्यानं तो याचा कोण?"

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आम्ही खजील झालो. २०२३ साली समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता, तेव्हा बस स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना चारचौघांबरोबर आम्हीही हसलो होतो. 'श्रीमंतांचे चोचले' असे आम्हीच म्हणालो होतो. पुढे वाचले की केंद्र सरकारनेही न्यायालयात तेच मांडले. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असे सरकारचे म्हणणे होते. मिरची तोडणाऱ्या आईचे लेकरू त्या उच्चभ्रूंत कधी जमा झाले, हे सरकारने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या खटल्यात पुढाऱ्यांची वागणूक पाहण्यासारखी होती. केंद्राने राज्यांची मते मागवली. सात राज्यांनी उत्तरे पाठवली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध केला. राजस्थानात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते आणि विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. आपल्या महाराष्ट्राने ना होय म्हटले, ना नाही; आणखी विचार करायला वेळ हवा, असे कळवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की हा विवाह मान्य करायचा की नाही, हे संसदेने ठरवावे. सरकार, राज्ये, न्यायालय, संसद असा चेंडू फिरत राहिला. सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली लोकसभेत विशेष विवाह कायदा बदलण्याचे खासगी विधेयक मांडले होते. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात अशा जोडप्यांसाठी कायदा करू, असे एक वाक्य घातले. परंतु आमच्या भागातल्या प्रचारसभांत यावर कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराने चकार शब्द काढलेला आमच्या कानावर आला नाही. बोलले तर मते जातील, ही भीती!

बांधवांनो, ही भीती आपल्याला नवी आहे काय? हिंदू कोड बिल आठवा. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एका पुरुषाला एकच बायको, जातीबाहेरच्या लग्नाला मान्यता, असे ते बिल होते. बाबासाहेबांनी त्यासाठी प्रकृतीची पर्वा केली नाही. पण पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू व्हायची होती. सनातनी मते दुरावतील म्हणून बिल बासनात गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याला इतरही कारणे होती, पण या बिलाची हत्या हे मोठे कारण होते. निवडणूक पार पडली, खुर्च्या पक्क्या झाल्या, आणि मग १९५५ व १९५६ मध्ये तेच बिल तुकडे करून मंजूर झाले. म्हणजे हक्क चुकीचा नव्हता, वेळ मतांची होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या उंबऱ्यातले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. आणि सरकारने जाळणाऱ्यांपुढे नमते घेऊन ठराव बाजूला ठेवला. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, उत्तर एकच : आता नको. १४ जानेवारी १९९४ उजाडला तेव्हा कुठे नामविस्तार झाला. त्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्याला किती वेळा ऐकवले गेले, की नावाने पोट भरते का, भाकरीचे बोला? आज तेच वाक्य आपण त्या माऊलीला ऐकवायचे काय?

आणि प्रश्न एकट्या लग्नाचा नाही. माणसालाच दहशतवादी ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारी यूएपीए कायद्यातील दुरुस्ती ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यसभेत आली, तेव्हा काँग्रेसने भाषणे विरोधात केली आणि मत बाजूने दिले. देशद्रोह्यांचे कैवारी म्हणवून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. याच यूएपीएखाली डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीच्या दिवशी अटक झाली. जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. १० जुलै २०२५ रोजी जनसुरक्षा विधेयक आपल्या विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, तेव्हा उघड विरोध मार्क्सवादी पक्षाच्या एकट्या आमदाराने केला. बाकीच्या विरोधकांना जाग आली ती दुसऱ्या दिवशी, विधान परिषदेत. आज समलिंगी मुलाचा हक्क मतांच्या तागडीत हलका ठरतो, उद्या मोर्चा काढणाऱ्याचा ठरेल. तागडी तीच आहे.

कोणी म्हणेल, बहुसंख्य समाजाला हे पटत नाही, मग पुढाऱ्याने काय करावे? बहुसंख्य समाजाला चवदार तळ्याचे पाणीही पटले नव्हते. लोकांच्या रूढ नीतीपेक्षा संविधानाची नीती मोठी, आणि ती आपोआप येत नाही, जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्ध निकाल दिला तो याच विचाराचा आधार घेऊन. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते गुन्ह्याचे ओझे उतरवले. त्याही आधी, १९३४ साली, र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेऊन बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले. ते हसले नाहीत.

त्या माऊलीला आम्ही दुसऱ्या दिवशी घरी जाऊन जे ठाऊक आहे ते सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने कळवले आहे, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले धरावे, आणि बँकेत त्यांना संयुक्त खाते उघडून एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते. मृत्युपत्रही करता येते. परंतु फंडाच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुले, आई-वडील. तिथे जोडीदार बसत नाही. जोडीदार म्हणून पेन्शन नाही, पत्नी-पतीचा दर्जा नाही. ज्याने मते जात नाहीत तेवढे परिपत्रकाने गुपचूप मिळाले. ज्याला कायदा लागतो ते राहून गेले.

तेव्हा पुढच्या वेळी मते मागायला कोणी वस्तीत आला, तर रस्ता, नळ, घरकुल याबरोबर हेही विचारा : आमच्या या लेकरांच्या लग्नाबाबत तुमचे मत काय? आणि सभागृहात हात कोणत्या बाजूने वर कराल? तो हसला तर आपण हसू नये. आम्ही एकदा हसलो, ते पुरे झाले.

माऊलीने निघताना विचारले, "पुढच्या पौर्णिमेला दोघं येणारेत. विहारात आणू का?" आम्ही म्हणालो, ताई, जरूर आणा. पहिल्या ओळीत बसवू.