निंबोळीचा युरिया आणि हृदयातली स्प्रिंग



गेल्या आठवड्यात श्रीरामपूरच्या बाजारात ओळखीचे एक बागाईतदार भेटले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसविली आहे. म्हणाले, "साहेब, स्प्रिंगवरचा लेप विरघळून जातो म्हणे. मग आता गोळ्या कशाला? बंदच करीन म्हणतो." त्यांना जे सांगितले, तेच आज लिहितो.

पूर्वी आपण युरियाला निंबोळी पेंड चोळत होतो. २०१५ पासून निंबोळी तेल लावलेलाच युरिया मिळतो. नत्र वाया न जाता पिकाला सावकाश मिळावे, हा हेतू. स्प्रिंगचेही तसेच आहे. नुसती धातूची जाळी बसविली, तर आत मांस वाढून नळी पुन्हा अरुंद होऊ शकते. म्हणून जाळीवर औषध मिसळलेला पातळ लेप देतात. औषध हळूहळू झिरपते व ही वाढ रोखते. यातले सिरोलिमस हे औषध मूळचे ईस्टर बेटाच्या मातीतील एका जीवाणूपासून मिळालेले आहे.

काही स्प्रिंगांवरचा लेप औषध संपले तरी कायम राहतो. नव्या काही प्रकारांत विरघळणारा लेप असतो. तो लॅक्टिक आम्लापासून बनवितात. दह्याला आंबटपणा आणणारे आम्ल ते हेच, आणि ते साखर आंबवून तयार करता येते. आपल्या जेजुरीला २०२४ साली अशाच जातीचे प्लॅस्टिक बनविण्याचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. मात्र हृदयासाठीचा माल फार शुद्ध लागतो. शरीरातल्या पाण्याने लेप काही महिन्यांत तुटतो, आणि शेवटी त्याचे पाणी व कर्बवायू होतात.

पण विरघळतो तो लेप. धातूची जाळी जन्मभर तिथेच राहते. तिच्यावर आतले अस्तर नीट धरेपर्यंत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. गुठळी झाली तर जिवावर बेतते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यासाठीच. साधारणपणे दोन गोळ्या सहा महिने ते वर्षभर, आणि पुढे एक बहुधा कायम. किती दिवस, हे डॉक्टरच ठरवितील. खत विरघळले म्हणून पाण्याची पाळी कोणी चुकवतो का?

स्प्रिंगचे कार्ड जपून ठेवा. दात काढायचा असला तरी आधी ते दाखवा.

बागाईतदार गप्प झाले. शेजारी उभ्या वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून गोळी मीच हातावर ठेवीन." घरोघरी असेच व्हावे.