पुड्यावरची बारीक अक्षरे

गेल्या श्रावणात एका दुपारी आक्का बिस्किटांचा पुडा आणि माझे भिंग घेऊन समोर येऊन बसली. "इतकी वर्षं बँकेत कागद वाचलेस ना, मग हे वाच. यात काही नको ते नाही ना?" आक्का मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. पुड्यावर एकही मराठी ओळ नव्हती. कायद्याला लेबलावर इंग्रजी किंवा हिंदी पुरते. मराठी छापणे उत्पादकाच्या मर्जीवर.

तिची शंका खुळचट नव्हे. १९८३ साली वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. मी तेव्हा बँकेत नुकताच चिकटलो होतो. आईने अर्धा भरलेला डबा उकिरड्यावर नेऊन टाकला. रिकामा डबादेखील घरात ठेवला नाही. हिरवा आणि तपकिरी ठिपका आले त्यानंतर खूप उशिरा, २००१ मध्ये. २०२० च्या नियमांनी मांसाहारी खुणेचा ठिपका जाऊन त्रिकोण आला, हे बरे झाले. रंग न ओळखू येणाऱ्यांची सोय झाली.

आमच्या पुड्यावर ठिपका हिरवाच होता. तरी आक्काचे बोट ४७१ या आकड्यावर अडलेले. कीर्तनाला येणाऱ्या कुणा बाईने तिच्या मनात ते भरवले होते. तेल-पाणी एकजीव ठेवणारा हा पदार्थ वनस्पती तेलापासून होतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही. चव वाढवणारा ६३१ मांस-मासळीतून काढता येतो आणि पिष्ट आंबवूनही. १२० मात्र निःसंशय किड्यांपासून काढलेला लाल रंग. नुसता आकडा छापून भागणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे स्पष्ट सांगा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावले. माझ्या हातातल्या पुड्यावर तरी आकडाच होता. आणि हिरवा ठिपका म्हणजे शेवटी उत्पादकाचे स्वतःचेच प्रतिज्ञापत्र. मूळ शब्दांत छापा, आणि माल जिथे विकता तिथल्या भाषेत छापा, एवढे मागणे फार आहे काय?

गंमत म्हणजे नियमांच्या व्याख्येत दूध आणि मधाबरोबर लाखही मांसाहारातून वगळली आहे. चकचकीत गोळ्यांवर लाखेचा मुलामा देतात. ती लाख किडा तयार करतो, पण ठिपका हिरवा. आक्काला हे सांगावे की नाही, याचा मी अजून विचार करतो आहे.

बँकेत ताळेबंद हाती आला की मी आधी शेवटच्या टिपा वाचत असे. नफा पहिल्या पानावर ठळक असतो, संभाव्य देणी मागे बारीक अक्षरांत. एकदा वाचल्या नाहीत, ते कर्ज बुडाले. पुड्याचेही तसेच. पुढे गव्हाच्या ओंब्या, मागे घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पाम तेल. खाली पुन्हा इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज. एकाच माणसाने तीन नावांनी खाती उघडली की प्रत्येकातली रक्कम किरकोळ दिसते, ही युक्ती आम्हा बँकवाल्यांना नवी नाही. कोष्टकात १०० ग्रॅमला साखर २४ ग्रॅम.

आक्काला बारा वर्षे मधुमेह आहे. चहा ती बिनसाखरेचा घेते, कटाक्षाने. आणि त्याबरोबर रोज ही चार बिस्किटे. मी कागदावर हिशेब मांडला: जवळजवळ दोन चमचे साखर. ठिपका हिरवा, म्हणून पथ्याला चालते, असे तिने धरले होते. तिनेच कशाला, मीही पुडा आणताना तेवढेच पाहिले होते.

"ते राहू दे," ती म्हणाली, "त्या चारशे एकाहत्तरचं काय?"

"खूण हिरवी आहे, म्हणजे तेलापासूनचं, असं त्यांचं म्हणणं."

आक्काने हुश्श केले. मग हिशेबाचा कागद पुन्हा उचलून पाहिला, आणि पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "डब्यात लाह्या आहेत बघ."