घरचंच काम आहे, किती घेशील?

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक मुलगी वही घेऊन घरी आली. मुलगी म्हणजे सूनच. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आली त्याला तीन वर्षं झाली. वेबसाइट तयार करण्याचा कोर्स केलेला, हाताशी एक लॅपटॉप आणि दुपारी सासूबाई पडल्या की मिळणारे तीन-चार तास, एवढंच तिचं भांडवल. "काकू, जरा हिशेब बघता का? कुठेतरी चुकतंय," म्हणाली. मी वही उघडली आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण वहीतलं पहिलं गिऱ्हाईक मीच होते!

झालं होतं असं की, आमच्या महिला मंडळाची वेबसाइट करायची ठरली. मी पुढाकार घेऊन तिला म्हटलं, "घरचंच काम आहे गं, किती घेशील?" ती गोंधळली. "तुम्ही द्याल ते." मी चार हजार सांगितले आणि पैसे वाचवले म्हणून मंडळात शाबासकीही घेतली.

आता वही काय सांगत होती? वेबसाइटचं नाव म्हणजे डोमेन आणि ती ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, याचे १,९०० रुपये तिनेच भरले होते. हातात उरले २,१००. कामाला लागले ७० तास. म्हणजे तासाला ३० रुपये. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा हिशेब याहून बरा आहे. कारण मावशी दारात उभ्या राहूनच दर सांगतात, मग आत येतात.

मैत्रिणींनो, हा प्रश्न या एकटीचा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. जिच्या पावणेपाच तासांची किंमत घरात कोणी कधी विचारली नाही, तिला पाचव्या तासाची किंमत चटकन कशी सांगता येणार?

कायदा काही मदत करतो का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक-नोकर नात्याबाहेर राहून काम करणाऱ्या 'गिग कामगारा'ची व्याख्या आहे. त्यांच्या कल्याणनिधीसाठी टॅक्सी, घरपोच माल पोचवणाऱ्या अशा कंपन्यांनी वर्गणी द्यायची आहे. पण आमच्या या सुनेचं गिऱ्हाईक कोण? साडीचं दुकान, दातांचा दवाखाना, क्लासवाले. मध्ये कंपनीच नाही, तर वर्गणी कोण भरणार? आणि किमान वेतन मिळतं ते नोकरीतल्या माणसाला. स्वतंत्र काम करणारीचा दर सरकार ठरवत नाही. तो तिनेच ठरवायचा.

मग आम्ही दोघी चहा घेऊन बसलो आणि उलट बाजूने हिशेब मांडला. महिन्याला हातात किती यावेत? ती म्हणाली, १२ हजार. छत्तीस हजारांचा लॅपटॉप तीन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला एक हजार. नेट आणि वीज एक हजार. आजारपण, सणवार, लेकराची परीक्षा यांत बुडणाऱ्या दिवसांचे एक हजार. झाले १५ हजार. रोजचे चार तास धरले, तर २५ दिवसांचे शंभर होतात. पण गिऱ्हाईक शोधणं, फोन, नवीन शिकणं यात चाळीस जातात. पैसे मिळवून देणारे तास उरले साठ. १५ हजारांना साठने भागा, तासाला २५० रुपये.

आता मंडळाच्या कामाचे ७० तास. त्यातले २० ती शिकत होती, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारणं बरं नाही. १५ तास आमच्या "हा फोटो बदल, तो रंग नको" यात गेले. खरं काम ३५ तासांचं. म्हणजे ८,७५० रुपये, शिवाय डोमेन-होस्टिंगचा खर्च गिऱ्हाइकाचा. मी दिले होते चार हजार!

यातून चार नियम निघाले. दर सांगण्याआधी किती पानं, मजकूर आणि फोटो कोण देणार, हे लिहून घ्यायचं. दुरुस्त्या दोनदा, पुढे तासाप्रमाणे पैसे. निम्मे पैसे आगाऊ. आणि दर कमी करायचाच असेल तर कामही कमी करायचं, सात पानांची पाच करायची. पहिलं काम ओळखीसाठी स्वस्तात करावंसं वाटलं तर एकच करावं, आणि बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखवावी. नाहीतर तीच सूट पुढे आपला दर होऊन बसते.

हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, "एआय तर फुकटात करून देतं." देतं की! पण दुकानाची वेळ चुकली, मराठीत भलतंच छापून आलं, ऐन दिवाळीत साइट बंद पडली, तर फोन कोणाला करणार? त्या फोन उचलण्याचेही पैसे असतात. ते वर्षाच्या देखभालीचे म्हणून वेगळे सांगावेत.

आणखी एक गोष्ट बहुतेकींना ठाऊक नसते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती काम घेण्याआधीच करावी. मग २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. "आपल्यातलीच तर पोरगी आहे," असा सूर निघालाच. तेव्हा आमच्या खजिनदार बाईंनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचं बिलांचं पाकीट उघडलं. मांडववाला पूर्ण पैसे. माइकवाला पूर्ण पैसे. तो माइकवालाही आपल्यातलाच, एकीचा सख्खा दीर! त्याला कोणी "किती घेशील" विचारलं नव्हतं, "बिल किती झालं" विचारलं होतं.

फरकाचे पैसे आम्ही दोन हप्त्यांत द्यायचं ठरवलं. पहिला हप्ता द्यायला गेले, तर तिने पावतीपुस्तक काढलं. म्हटलं, "अगं, मला कशाला पावती?" ती हसून म्हणाली, "काकू, नियम म्हणजे नियम."

पावती मी घेतली. तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल. तिच्याकडे काम घेऊन जाल, तेव्हा आधी तिचा दर विचारा. आणि ती मुलगी तुम्हीच असाल, तर दारात उभ्या राहूनच सांगा.